डावीकडचे कोल्हे

परमेश्वराच्या शिरावरील कामाचा भार हलका करण्यासाठी आपला जन्म झाला आहे अशी ज्यांची मनोमन खात्री असते, अशी माणसे जगात पुष्कळ असतील; पण त्या कामापैकी नेमके शेवटच्या दिवसाचे काम आगाऊ उरकून ठेवणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवयोगाने तो माझा व्याही निघाला. आमच्या कन्येने आपला जोडीदार स्वतः निवडला तेव्हा तो ख्रिस्ती आहे, शांत आहे आणि बँकेत आहे एवढेच आम्हाला समजले होते. त्याचे वडील धुळ्याकडच्या एका लहानशा मंडळीचे पाळक होते व चाळीसएक वर्षे त्यांनी दुष्टांच्या न्यायाखेरीज दुसऱ्या विषयावर फारसे प्रवचन केले नव्हते, ही माहिती विवाहानंतर हळूहळू हाती आली. पत्नी निवर्तल्यावर ते मुलाकडे जळगावला राहावयास आले. मुलाचे घर आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. तेव्हापासून रोज सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या ओट्यावर न्यायासन मांडले जाते आणि माझी संध्याकाळ त्यात कामी येते.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. विभक्ती चुकविणाऱ्या मुलांवर देखील मी कधी आवाज चढविला नाही. परंतु आमच्या पाळकबाबांनी माझ्या सहनशीलतेची जी परीक्षा घेतली तशी कोणत्याही वर्गाने घेतली नाही. बरे, बोलावे तर मुलीचे सासरे. मुलीच्या सासऱ्यांना ‘आता पुरे’ असे म्हणण्याची सोय आपल्या धर्मशास्त्रात तर नाहीच, पण लोकव्यवहारातही नाही. म्हणून मी ऐकतो, आमच्या घरातून चहा येतो, आणि पाळकबाबा समोरून जाणाऱ्या जगाची वाटणी करीत बसतात.

ही वाटणी मी म्हणतो ती अक्षरशः. त्यांच्या शास्त्रात असे आहे की शेवटच्या दिवशी राजा सिंहासनावर बसेल आणि धनगर जसा कळप वेगळा करतो तसे तो सर्व माणसांना वेगळे करील. मेंढरे उजवीकडे, शेरडे म्हणजे शेळ्या-बकऱ्या डावीकडे. ज्यांनी भुकेल्याला अन्न दिले, उघड्याला वस्त्र दिले ते उजवीकडचे. ज्यांनी दिले नाही ते डावीकडचे, आणि त्यांच्यासाठी अग्नी. दृष्टांत मोठा आहे, मी तो आदराने ऐकला. परंतु तो दृष्टांत आमच्या ओट्यावर रोज सायंकाळी प्रत्यक्ष भरवावा असे त्यात कुठे सांगितले असल्याचे मला आढळले नाही. पाळकबाबांचा डावा हात माशी हाकलावी तसा एकदा हलला की समजावे, एक जीव डावीकडे गेला. नळाला पाणी सोडणारा माणूस वरच्या गल्लीला जास्त वेळ पाणी देतो: डावा हात. म्हातारी हात दाखवीत असताना बस न थांबविणारा चालक: डावा हात, तोही दोनदा. पिकलेल्या केळ्यांच्या वर दोन चांगली ठेवून खाली काळी घालणारा गाडीवाला: हात हललाच, पण त्याने उरलेली केळी समोरच्या गाईला घातली हे पाहताच त्याला परत आणून मध्ये कोठेतरी उभे करण्यात आले. मध्ये जागा नाही असे मी नम्रपणे सुचविले. तेव्हा ते म्हणाले, “गुरुजी, अंधार पडेपर्यंत बघू.”

हळूहळू गल्लीला हा नाद लागला. आमचा दूधवाला असोद्याहून मोटारसायकलवर येतो. केळी आणि कपाशीची शेती सांभाळून दूध घालतो. तो किटली ओतता ओतता रोज विचारी, “बाबा, आज मी कोनीकडे जाऊ राह्यलो?” बाबा आधी दुधात बोट बुडवून पाहत आणि मग निकाल देत. एकदा बाबांनी त्याला निदणाचा दृष्टांत ऐकविला, की शत्रूने गव्हात तण पेरले तरी मालक म्हणाला, उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. दूधवाल्याने किटली खाली ठेवली. “कापनीलोक तन ठेवलं त कापाले राहीन काय? त्या मालकाले आमच्या असोद्याले आना एक डाव.” बाबांनी त्याला पाऊण तास समजाविले. दूध नासले. ते आमचे होते.

वैशाख लागला, जळगाव तव्यासारखे तापले, की बाबांना भरते येते. शहाणी माणसे दारे लावून, पडद्यांवर पाणी मारून पडून राहतात तेव्हा हे छत्री घेऊन भर बाराला बाहेर पडणार आणि भेटेल त्याला थांबवून म्हणणार, “कसे वाटते? हा नुसता नमुना आहे.” कूलर विकणाऱ्या दुकानदाराने एकदा त्यांना हात जोडून विनंती केली की बाबा, तुम्ही दुकानासमोर उभे राहून हे बोलत जा, गिऱ्हाईक वाढते. तुतारीचेही तसेच. शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार म्हणून त्यांच्या चपला कायम दाराकडे तोंड करून ठेवलेल्या आणि एक इस्त्रीचा सदरा खुंटीला. पहाटे केळीचा ट्रक चौकात लांब भोंगा वाजवितो. सुरुवातीला काही दिवस ते सदरा घालून अंगणात आलेले शेजाऱ्यांनी पाहिले आहेत.

आमचे वाद होत नसत असे नाही. मी एकदा म्हणालो, “पाळकबाबा, आमच्याकडेही नरक आहेत, चांगले नावानिशी सांगितलेले आहेत. पण त्यांना मुदत आहे. पाप भोगून संपले की जीव सुटतो. पुण्य संपले की स्वर्गातूनही खाली यावे लागते. मर्यादित अपराधाला अमर्याद शिक्षा, हे न्यायाला धरून कसे?”

त्यांनी बशीतला चहा संपविला. “म्हणजे तुमच्याकडे स्वर्गही भाड्याचा आणि नरकही भाड्याचा. म्हणूनच तुमच्या माणसांना कोणाची भीती नाही, गुरुजी. भाडेकरू भिंतीला खिळे ठोकतोच.”

यावर आत आमची सौभाग्यवती हसली. ती त्यांच्याच बाजूची. तिचे वांग्याचे भरीत त्यांनी प्रथम खाल्ले त्या दिवशीच तिला उजवीकडे कायमची जागा मिळाली होती. तीही त्यांच्यासाठी नैवेद्य दाखविण्यापूर्वीच एक वाटी वेगळी काढून ठेवी, म्हणजे त्यांच्या श्रद्धेलाही अडचण नाही आणि देवालाही नाही. त्यांच्या बाजूनेही आदर असे. माझे सहस्रनाम चालू असले तर ते ओट्यावर गप्प बसून राहत. फक्त पाय हलत असे.

एका गोष्टीत मात्र आमचे पूर्ण मतैक्य होते, ते म्हणजे शब्दाची शुद्धता. मी पाठांतराच्या परंपरेत वाढलो. मंत्रातला स्वर हलला तर अर्थ हलतो अशी आमची शिकवण. त्यांचेही तेच. एकदा बोलण्याच्या ओघात मी शेरडांच्या ऐवजी ‘लांडगे’ म्हणून गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी हातातला कप खाली ठेवला. “शेरडे, गुरुजी. शास्त्रातला काना किंवा मात्राही आपल्याला हलविता येत नाही. जो हलवील त्याला...” आणि डावा हात हलला. मी क्षमा मागितली. मला त्या क्षणी त्यांचा अभिमानही वाटला.

आणि माझे काय? मी उजवीकडे की डावीकडे? त्यांच्या तत्त्वाप्रमाणे पाहिले तर माझे प्रकरण सोपे नव्हते. दूधवाल्याने एकदा सरळ विचारलेच, “आन् आपले गुरुजी कोनीकडे?” पाळकबाबांना त्या क्षणी असा ठसका लागला की आतून पाणी आणावे लागले. पुढे कोणी विचारले की त्यांना आकाशातले ढग दिसत, चष्मा पुसावासा वाटे, नातवाची आठवण येई. साऱ्या खानदेशाचा निकाल खिशात घेऊन हिंडणारा हा न्यायाधीश व्याह्याच्या प्रकरणात मात्र तारखेवर तारीख देत होता.

असे सर्व सुरळीत चालले असता गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक मोठी पांढरी गाडी आमच्या ओट्यासमोर थांबली. उतरलेल्या चाळिशीच्या गृहस्थाने बाबांना वाकून नमस्कार केला आणि सांगितले की मी शिंदखेड्याकडचा, अमक्या गावच्या नानांचा मुलगा. नाना धुळ्याला दवाखान्यात आहेत. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले, पण ते घरी यायला तयार नाहीत. म्हणतात, आधी त्या पाळकबाबाला आणा.

“कशासाठी?” बाबांनी विचारले. त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला होता.

मुलगा ओशाळला. “आता कसे सांगू, बाबा. ते म्हणतात, तुम्ही त्यांच्यावर वर केस टाकेल आहे. ती मागे घ्या. एवढेच धरून बसले आहेत. झोपत नाहीत.”

मी हसू आवरले, कारण पाळकबाबा हसत नव्हते. त्यांनी ‘उद्या कळवतो’ एवढेच सांगून त्याला परत पाठविले आणि आमच्या बदामाच्या झाडाखाली खुर्ची ओढून, माझ्याकडे पाठ करून बसले. चहा निवला. रस्त्यावरून गल्लीतले सगळे पापी एकेक करून गेले, डावा हात हलला नाही.

मग मीच जाऊन शेजारी बसलो आणि हळूहळू हकीकत बाहेर आली. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. नानांच्या गावी पाळकबाबांच्या मंडळीतली एक विधवा बाई गावाबाहेर झोपडी घालून राहत असे. तिला सगळे अक्का म्हणत. मूलबाळ नव्हते, चार-पाच शेळ्या होत्या, त्यांच्यावर तिचे पोट आणि तिचा जीव. ती जागा नानांना हवी होती. अक्का उठेना. एके दिवशी ती रविवारच्या उपासनेला गेली असता झोपडी पेटली. शेळ्या आत बांधलेल्या होत्या. कोणी लावली हे गावाला ठाऊक होते आणि चुलीतली ठिणगी उडाली असे गावाने एकमुखाने सांगितले. प्रकरण तेथेच मिटले. तेव्हा हे आमचे पाळकबाबा, त्या काळी तरुण आणि काटकुळे, नानांच्या दारासमोर जाऊन सर्वांच्या देखत म्हणाले होते, “खाली तुमच्यावर फिर्याद होत नाही, तर मी वर केली आहे. तिथे साक्षीदार फुटत नाही.”

“मी ते रागाने बोललो, गुरुजी,” बाबा म्हणाले. “तो इतकी वर्षे हसला असेल. आता त्याला खरे वाटायला लागले.”

“मग चांगलेच झाले. जा, दोन शब्द बोला, प्रार्थना करा. तुमच्याच शास्त्रात पस्तावलेल्याला क्षमा आहे ना?”

“तीच तर भीती आहे.” ते एकदम माझ्याकडे वळले. “मी गेलो, आणि तो खरोखरच पस्तावला, तर? तर त्याला क्षमा होईल. मग अक्काला मी काय सांगू?”

मी आजवर कोणत्याही धार्मिक पुरुषाला दुसऱ्याच्या पश्चात्तापाने इतके धास्तावलेले पाहिले नव्हते. चाळीस वर्षे ‘पश्चात्ताप करा’ म्हणून ओरडायचे आणि एकाने केला की झाडाखाली रुसून बसायचे! मी माझ्या सर्व सभ्यतेसह त्यांना हे सुनावले. मुलीचे सासरे आहेत हे क्षणभर विसरलो. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “केस मागे घ्यायला मी कोण? मी नुसता वकील. फिर्यादी ती आहे. तिला विचारले पाहिजे. तुम्ही चला माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी नानांचा मुलगा गाडी घेऊन हजर झाला. बाबांनी ती परत पाठविली. “प्रतिवादीच्या गाडीत बसून फिर्यादीकडे जाता येत नाही.” म्हणून सत्तरी ओलांडलेले आम्ही दोघे एस.टी.च्या बसने धुळे आणि तेथून दुसऱ्या बसने शिंदखेड्याकडे निघालो. माझे गुडघे या कायदेशीर बारकाव्याला प्रत्येक खड्ड्यावर दाद देत होते. मी पुटपुटलो की या वयात तुमच्या नरकाची मला कल्पना येऊ लागली आहे. तेव्हा खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला वाटते मला माणसे जाळायची हौस आहे. त्या दिवशी मी तिच्याजवळ राखेत बसलो होतो. ती रडत नव्हती. एकच विचारत होती, बाबा, हे कोणी पाहिले का? मी म्हणालो, पाहिले आहे. दुसरे काय म्हणणार? तेव्हापासून तो शब्द माझ्या गळ्यात आहे. न्याय नसेल तर मी त्या बाईशी खोटे बोललो.”

मी त्यानंतर गुडघ्यांविषयी बोललो नाही.

गावात मंडळीची प्रार्थनेची एक लहान पत्र्याची खोली आहे. अक्का तेथेच झाडलोट करते असे समजले, म्हणून आम्ही आत बसलो. समोरच्या भिंतीवर तैलरंगात मोठे चित्र होते. बसगाड्यांच्या पाट्या रंगविणाऱ्या कोणा धुळ्याच्या पेंटरचा हात असावा. मध्ये सिंहासनावर राजा. त्याच्या उजवीकडे पांढरी मेंढरे, कापसाच्या बोंडांसारखी. आणि डावीकडे... मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. डावीकडे झुपकेदार शेपट्यांचे, तोंड वर केलेले कोल्हे होते. एक तर जीभ काढून उभा होता.

“पाळकबाबा,” मी म्हणालो, “हे काय आहे?”

पाळकबाबांना ठसका लागला.

“शेरडे कोठे आहेत?”

“पेंटरची चूक,” ते म्हणाले, आणि तत्क्षणी मागून आवाज आला: “पेंटरनी काब्रं चूक? बाबानीच सांगं व्हतं.”

अक्का दारात उभी होती. हातात केरसुणी, मागे एक काळी शेळी, जी कोणाचीही परवानगी न घेता आत येऊन राजाच्या सिंहासनाखाली बसली. उंच, वाळलेली, नजर सरळ. तिनेच मग मला सर्व सांगितले, आणि बाबा खोलीचे पत्रे मोजल्यासारखे वर पाहत बसले. आगीनंतरच्या पहिल्याच रविवारी बाबांनी नेहमीचे प्रवचन सुरू केले, शेरडे डावीकडे, अग्नीत. अक्का पुढच्या रांगेतून उठून उभी राहिली. “मी इचारं, मन्या बकऱ्यासनी काय करेल व्हतं, बाबा? त्या काब्रं डावीकडे? एकडाव ते जळन्यात ना?”

बाबा त्या दिवशी प्रवचन अर्धे टाकून बसले. पुढच्या रविवारी राजाने मेंढरे उजवीकडे ठेवली आणि डावीकडे कोल्हे ठेवले. ते तसेच राहिले. चाळीस वर्षे, त्या एका गावात, त्या एका बाईसाठी. धुळ्यात शेरडे, जळगावात शेरडे, आमच्या ओट्यावर शेरडे. शिंदखेड्याच्या पलीकडे मात्र कोल्हे. गावची मुले कोल्ह्यांवर वाढली. त्यांतला एक पाळक होण्याचे शिक्षण घेण्यास मोठ्या शहरात गेला, परीक्षेत कोल्हे लिहून आला, नापास झाला, आणि तेथल्या शिक्षकांशी भांडला की तुमची प्रत चुकीची आहे.

काना-मात्रेवरून मला कप खाली ठेवावयास लावणारा हा मनुष्य! मी एवढेच म्हणालो, “जो हलवील त्याला काय म्हणालात, पाळकबाबा?” त्यांनी डावा हात उजव्या हाताखाली दडविला.

मग बाबांनी अक्काला कामाचे सांगितले. नाना मरणाला टेकले आहेत, केस मागे घ्या म्हणतात. तिने केरसुणी भिंतीला लावली आणि शेळीजवळ खाली बसली. बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवीत राहिली. मला वाटले, आता ती शिव्या देईल, किंवा रडेल, किंवा मोठ्या मनाने क्षमा करून आम्हा दोघांना मोकळे करील. तिने यातले काहीच केले नाही.

“तू जाय, बाबा,” ती म्हणाली. “प्रार्थना बी कर. पन पहिले त्याले इतलं इचार. झोपडी जाळी ते जाळी. बकऱ्यासना दोर काब्रं नही सोडा?”

एवढेच. दोर का सोडले नाहीत. तेवढे विचारून ती उठली आणि आमच्यासाठी चहा ठेवावयास गेली.

धुळ्याच्या दवाखान्यात नाना पांढऱ्या चादरीत एवढेसे होऊन पडले होते. बाबांना पाहताच त्यांनी उठण्याचा प्रयत्न केला. “बाबा, ती केस काढी टाका ना. मी हात जोडस.” पाळकबाबांनी न उपदेश केला, न अग्नीचे नाव काढले. खुर्ची पलंगाजवळ ओढून ते म्हणाले, “नाना, केस माझी नाही. अक्काने एक प्रश्न विचारला आहे. बकऱ्यांचे दोर का सोडले नाहीत?”

नानांच्या तोंडावर भीती होती, ती हळूहळू जाऊन तेथे दुसरेच काही आले. जणू इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला सगळे विचारले होते, हे एक सोडून. ओठ हलले. “ध्यानमाच नही उनं, बाबा,” ते म्हणाले. “बकऱ्या शेत मझार, हाई ध्यानमाच नही उनं.” बकऱ्या आत आहेत हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. आणि मग एके काळी सारे गाव ज्याला वचकून असे तो मनुष्य तोंडावर चादर ओढून लहान मुलासारखा रडू लागला. मुलगा डॉक्टरांना बोलवावयास धावला.

नानांच्या उजव्या हाताला सुई होती. पाळकबाबांनी त्यांचा डावा हात आपल्या डाव्या हातात धरला, ज्या हाताने त्यांनी माझ्या देखत अर्धा जिल्हा अग्नीत धाडला होता, आणि डोळे मिटून बसले. प्रार्थना मोठ्याने झाली नाही. मीही माझ्या देवाचे नाव घेतले. दुसरे काय करणार?

नाना त्याच आठवड्यात गेले. तेरावा होण्याच्या आत बाबा पुन्हा अक्काकडे निघाले, आणि गुडघे बाजूला ठेवून मीही. बाबांनी नानांचे उत्तर जसेच्या तसे, काना-मात्रा न हलविता सांगितले. अक्काने ऐकले. शेळी तिच्या पदराचे टोक चावीत होती, ते तिने सोडवून घेतले.

“खोटं ते नही बोलना,” ती म्हणाली.

“मग? केस काढायची?”

“राहू दे. तो गया शे, मी बी जासू. तठे समोरासमोर बोलसूत.” मग तिने भिंतीवरच्या चित्राकडे पाहिले आणि कितीतरी वर्षे मनात असल्यासारखे म्हणाली, “पन त्या कोल्हा पुसी टाक, बाबा. त्यासनी बी काय करेल शे? डाव्या आंगले मानसंच ठेव. जनावर नको.”

पेंटर मिळाला नाही. बाबांनी स्वतः चुन्याचा कुंचला घेऊन कोल्हे पुसले. जीभ काढलेला तेवढा पुरता गेला नाही. पांढऱ्यातून तो अजून अंधुक दिसतो. त्या जागी माणसे काढ असे अक्काने सांगितल्यावर त्यांनी कुंचला बादलीत ठेवून दिला. डावी बाजू रिकामीच राहिली आहे.

तेव्हापासून आमचा ओटा बिघडला. पाळकबाबा येतात, पाचलाच येतात, पण नळवाला जातो, बसचा चालक जातो, काळी केळी खाली घालणारा गाडीवाला जातो, आणि हात काही हलत नाही. दूधवाला विचारतो, “बाबा, मी कोनीकडे?” तर म्हणतात, “मला माहीत नाही रे. ज्याचे काम तो करील. तू दुधात पाणी घालू नकोस म्हणजे झाले.” न्याय होणार यावरची त्यांची श्रद्धा तसूभरही ढळलेली नाही; सदरा खुंटीला आहे, चपला दाराकडे तोंड करून आहेत. फक्त निकाल सांगणे त्यांनी सोडले. मला सवय झाली होती. इतकी वर्षे ज्या हलणाऱ्या हाताने माझी डोकेदुखी वाढविली, तो मांडीवर निपचित पडलेला पाहून आता तीच डोकेदुखी दुसऱ्या बाजूने होते.

परवा संध्याकाळी मला राहवले नाही. गल्ली रिकामी होती. बदामाची पाने लाल झाली होती. मी म्हणालो, “पाळकबाबा, आता तरी सांगा. मी कोणीकडे?”

ठसका लागला नाही. चष्मा पुसला नाही. त्यांनी माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले; डोळ्यांत जे होते त्याला भीती म्हणावे की माया, मला ठरविता आले नाही. मग समोरचा कप उचलला आणि तो दोन्ही हातांत, डाव्याही आणि उजव्याही, घट्ट धरून बसले.

चहा केव्हाच संपला होता. मी आत जाऊन किटली घेऊन आलो आणि तो पुन्हा भरला.